आजीचे चरित्र : शिलालेखापासून ओवीपर्यंत

राजे, सरदार आणि संत यांची चरित्रे बखरी, पोथ्या व कागदपत्रे यांतून टिकली. पण घर सांभाळणारी, उपासतापास करणारी आणि चार पिढ्या हसतमुखाने वाढवणारी सामान्य आई किंवा आजी गेल्यावर तिच्या आयुष्याची नोंद कोठे राहते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना फार उशिरा पडला. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयोगी आहेत, कारण धर्मशील मातेचे महाराष्ट्रातील अतिशय जुने लेखी वर्णन याच मुलखात दगडावर कोरलेले सापडते आणि सामान्य मातेच्या स्मरणाची जिवंत रीतही येथल्या नद्यांच्या घाटांवर आजही पाहायला मिळते.

कल्याण व सोपारा या बंदरांकडून जुन्नरकडे येणारा प्राचीन व्यापारी मार्ग नाणेघाटातून जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला जो मोठा लेख आहे, तो सामान्यतः सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जातो आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक असा धरतात. अश्वमेध, राजसूय यांसारखे यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांची लांबलचक यादी या लेखात आहे; परंतु त्याच लेखात राणीचे वर्णन महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहूनही तापसीसारखे जगणारी आणि वेदिसिरी या मुलाची आई असेही येते. याच लेण्यात राजकुटुंबातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या, मात्र त्यांच्यावर कोरलेली नावे वाचता आली, आणि त्यांत नागनिकेचेही नाव आहे.

सातवाहन घराण्यात आईचे नाव मुलाच्या नावाला जोडण्याची रीत पुढे रूढ झाली आणि गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी नावे त्यातून आली. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर लेणे दान दिले. तेथल्या लेखात ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणजे आजी म्हणवते, व सत्य, दान, क्षमा, अहिंसा आणि व्रतनियम यांत रमलेली स्त्री असे तिचे वर्णन येते. आईच्या नावाने ओळखले जाण्याची ही कल्पना जुन्नर तालुक्यात आणखी एका ठिकाणी दिसते : लेण्याद्रीचा गणपती ‘गिरिजात्मज’ म्हणजे पार्वतीचा पुत्र या नावानेच अष्टविनायकांत ओळखला जातो. शिवनेरीवर 1630 साली शिवाजीमहाराजांना जन्म देणाऱ्या जिजाबाईंनी पुढे आजीपणही निभावले. सईबाईंचे 1659 मध्ये निधन झाले तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे होते, आणि त्यानंतर त्यांचे संगोपन आजीच्या देखरेखीखाली झाले.

या सर्व स्त्रिया राजघराण्यातल्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी शिलालेख कोरले गेले आणि बखरी लिहिल्या गेल्या. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत शेतात राबलेल्या बाईच्या वाट्याला येते ते मुख्यतः विधीतून होणारे स्मरण, आणि त्यातील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे दशक्रिया विधी, अर्थात मृत्यूनंतर दहाव्या दिवशी नदीकाठी होणारे पिंडदान. या भागात दशक्रियेला सकाळी घाटावर मोठा जनसमुदाय जमतो, हरिभक्तपरायण कीर्तनकाराचे प्रवचन होते, गावातील पुढारी श्रद्धांजलीची भाषणे करतात आणि कुटुंबाकडून मंदिराला किंवा शाळेला दिलेली देणगी जाहीर होते. वर्षाने वर्षश्राद्ध व पुण्यस्मरण येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीसाठी भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी पाळली जाते. आणि श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही अशा तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे उच्चारली जातात.

तथापि या विधींत बाईच्या वेगळेपणाला फारशी जागा नसते. ‘धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या, त्यांच्या पश्चात मुले, मुली, सुना, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे’ हे वृत्तपत्रातील वाक्य कोणत्याही घरातील आजीला लागू पडते, आणि प्रवचनातही मातृमहिमा सांगितला जातो तो सर्व मातांचा. अपवाद एकच, तो म्हणजे काकस्पर्शाचा क्षण. भाताचे पिंड मांडून कावळ्याची वाट पाहिली जाते आणि कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली असे मानतात. मग जमलेले नातलग एकेक करून आठवू लागतात, धाकट्या लेकीकडे लक्ष देऊ, राहिलेली पंढरीची वारी आम्ही पुरी करू, असे शब्द दिले जातात, आणि पिंडाशेजारी तिला आवडणारा चहा, पुरणपोळी किंवा मिश्री म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड ठेवली जाते. एरवी गंभीर असलेल्या या सोहळ्यात मिश्रीच्या डबीवरून हसूही फुटते, कारण तेवढा वेळ ‘मातोश्री’ बाजूला राहून प्रत्यक्षातली आजी सर्वांच्या बोलण्यात येते.

तिच्या भक्तीचे आणि हसतमुख स्वभावाचे याहून सविस्तर दर्शन तिने स्वतः रचलेल्या किंवा गळ्यात सांभाळलेल्या ओव्यांत होते. जात्यावरची ओवी म्हणजे दळताना म्हटले जाणारे, बहुधा दोन ओळींचे, स्त्रियांचे स्वतःचे गीत होय. पहाटे दोघी समोरासमोर बसून खुंटा धरत, एक जण मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात टाकत असे, आणि वरच्या दगडाच्या फेऱ्याबरोबर एकीची ओळ दुसरी उचलत असे. पंढरपूरला माहेर व विठ्ठलाला बाप किंवा भाऊ मानणे, आळंदीच्या ज्ञानोबांशी घरच्या माणसासारखे बोलणे, सीतेच्या वनवासात आपले दुःख पाहणे हे या ओव्यांतील भक्तीचे रूप आहे. पुरुषांसमोर जे बोलता येत नसे, ते जात्याशी बोलता येई. नणंदेची थट्टा, विहिणीला चिमटा, नवऱ्याचे लाडिक गाऱ्हाणे आणि देवाशी भांडणही त्यात येते, त्यामुळे भक्ती आणि विनोद या दोन वेगळ्या वृत्ती आहेत असे या गीतांच्या वाचकाला वाटत नाही.

हे धन जपण्याचे प्रयत्न जुने आहेत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, सरोजिनी बाबर आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा अभ्यास प्रतिष्ठित केला, आणि हेमा राईरकर व गी पॉइतवँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरू केलेल्या संकलनात पुढे महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखावर ओव्या जमा झाल्या. या ओव्या 2017 पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या. या कामाचे वैशिष्ट्य असे की ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले गेले, आणि त्यामुळे एरवी निनावी राहणारी आजी रचनाकार म्हणून कागदावर आली.

पिठाच्या गिरण्या आल्यावर रोजचे दळण थांबले आणि जाते लग्नातील हळदीपुरते उरले. दळण नाही म्हणून ओवी नाही, आणि ओवी म्हणणारी पिढी आता वृद्धापकाळात आहे. आंबेगाव तालुक्यात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले, त्यामुळे तेथल्या वाटा, पाणवठे आणि देवळे यांची माहिती विस्थापित कुटुंबांतील वयस्कर स्त्रियांच्या आठवणींत जितकी आहे, तितकी दुसरीकडे मिळणे अवघड आहे. अशी स्त्री गेली की एका घराची आई जाते, आणि तिच्याबरोबर एका परिसराचा तोंडी इतिहासही जातो.

दशक्रियेचा खर्च, फलक आणि जेवणावळी यांतून कुटुंबाची माया व्यक्त होते हे खरे. परंतु गेलेल्या बाईचे शब्द त्यातून परत मिळत नाहीत, आणि ते मिळवायचे तर ती हयात असतानाच मिळवावे लागतात. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. नातवाच्या खिशातला मोबाइल ध्वनिमुद्रणाला पुरेसा आहे. माहेरचे गाव, माहेरचे नाव, आईचे व आजीचे नाव, पहिली वारी कोणाबरोबर केली, कोणते उपवास कोणासाठी धरले, कोणत्या गोष्टीवर घरात सर्वांत जास्त हसणे झाले, आणि पाठ असलेल्या ओव्या कोणाकडून शिकल्या, एवढे प्रश्न विचारून उत्तरे तारीख व गाव यांसह वहीत उतरवावीत, आणि ओवी तिच्याच बोलीत, शुद्धलेखनाची दुरुस्ती न करता लिहावी. जुन्नर आणि आंबेगावातील शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालये यांनी अशा वह्या स्वीकारून जतन करण्याचे काम हाती घ्यावे, आणि दशक्रियेत देणगी जाहीर करणाऱ्या कुटुंबांनी तिचा काही भाग आपल्या आईच्या ओव्यांची छोटी पुस्तिका छापण्यासाठी राखून ठेवावा.