परसबाग वाढवायची? आधी बादल्या मोजा!

मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, कुडाला चढलेला दोडक्याचा वेल, फुटक्या घमेल्यात कोथिंबीर आणि दाराशी मिरचीची दोन झाडे. एवढी परसबाग आपल्या पुष्कळ घरी असतेच. पहिल्या वर्षी दोडके भरपूर लागले, शेजारी-पाजारी वाटले, की मनात येते, मागची सगळीच जागा खणून टाकावी. विचार चांगलाच आहे. भाजीचे भाव वाढले की हातावर पोट असलेल्या घरात सर्वांत आधी पालेभाजीच ताटातून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तेव्हा परसबाग ही हौस नाही, गरज आहे. पण भगिनींनो, कुदळ हाती घेण्याआधी थोडा हिशेब करू या.

हिशेब जागेचा नंतर, पाण्याचा आधी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद वाफ्याला एप्रिल-मे महिन्यात रोज साधारण 50 ते 60 लिटर पाणी लागते, म्हणजे मोठ्या बादलीने चार बादल्या. आता तीच बाग लांबी-रुंदीने दुप्पट केली, तर पाणी दुप्पट नव्हे, चौपट लागेल. सोळा बादल्या! आपल्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. या सोळा बादल्या आणणार कोण? बहुतेक घरांत उत्तर एकच असते: घरातली मुलगी. बागेच्या पाण्यासाठी तिची शाळा बुडणार असेल तर ती बाग लहानच बरी.

म्हणून बाग बारा महिने एकाच मापाची ठेवू नये. पावसाळ्यात पाणी वरून येते, तेव्हा तीन वाफे लावावेत. हिवाळ्यात पाणी उन्हाळ्याच्या निम्म्याने लागते, तेव्हा दोन. मार्चनंतर एकच वाफा राखावा आणि बाकीच्या जागेवर पालापाचोळा, तुराट्या, भुसा पसरून माती झाकून ठेवावी. मोकळी जागा दिसली की काही तरी लावलेच पाहिजे, असे नाही. जमिनीलाही विसावा मिळतो.

सांडपाणीही पाणीच आहे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी खुशाल पालेभाजीला घालावे. साबणाचे पाणी मात्र मेथी-पालकाला नको. ते अळू, केळ, पपई यांच्याकडे वळवावे. तेही रोज एकाच जागी सोडू नये, माती बिघडते.

काय कुठे लावायचे? शेवगा, पपई आणि वेलांचा मांडव उत्तरेच्या कडेला असावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. उंच झाडे दक्षिणेला असली तर त्यांची सावली वाफ्यावर पडते, आणि भाजीला पाच-सहा तास ऊन हवेच. शेवग्याची हातभर जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडी लावली की लागते. झाड माणसाच्या उंचीवर छाटत राहावे, नाही तर शेंगा गच्चीवरच्यांच्या! शेंगांइतकाच त्याचा पालाही मोलाचा आहे. पाल्याची भाजी केली की वर लिंबू पिळावे, त्याने त्यातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा नको, ही सवय आपल्याकडे फार आहे. पपईची रोपे एका ठिकाणी दोन-तीन लावावीत. काही झाडे नर निघतात, ती फुले आल्यावर कळतात, तेव्हा काढून टाकता येतात.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, मुळ्या कुजतात. तिथे वीतभर उंच गादीवाफे करावेत. मेथी, पालक, चवळई एकदम सगळी पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी एक-एक ओळ पेरली तर मेथीची जुडी महिनाभरात हाती येऊ लागते आणि पुढेही येत राहते. सगळी एका दिवशी पेरली तर एका आठवड्यात खाऊन संपते, किंवा जून होऊन शेळीला जाते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे आधी एका कोपऱ्यात करून चार-पाच आठवड्यांनी लावावीत. खत म्हणून ताजे शेण घालू नये, वाळवी-हुमणी येते. खड्ड्यात शेण, राख, भाजीची देठे तीन-चार महिने कुजू द्यावीत.

दरवर्षी पाकीट विकत घेण्याचीही गरज नाही. वेलावरचा पहिला जोमदार दोडका बियाण्यासाठी राखावा, वाळेपर्यंत तोडू नये. बहुतेक घरी उलट होते: चांगले खातात आणि शेवटचे रोगट बियाला ठेवतात. संकरित पाकिटाचे बी मात्र धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत तसे फळ येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न शिकता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्याही राखेत घोळून बी जपत होत्याच की!

मावा पडला तर मूठभर, सुमारे 50 ग्रॅम, निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, गाळून थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. मालकाच्या शेतातून उरलेली औषधाची बाटली परसात आणू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच विष घरच्या भेंडीवर मारायचे आणि संध्याकाळी लेकरांना वाढायचे?

शहरातल्या वस्तीत परस कुठला, असे कोणी विचारील. सिमेंटची रिकामी पोती धुऊन, खाली भोके पाडून त्यात वांगे, मिरची छान येते. पत्र्यावर भोपळ्याचा वेल सोडावा, फक्त पत्रा तापतो म्हणून खाली तुराट्या अंथराव्यात. घर भाड्याचे असेल तर शेवग्याऐवजी पोत्यांतच बाग करावी. घर बदलताना ती सोबत नेता येते.

आता मृगाच्या आधी एक काम करा. आठवडाभर घरात सांडणाऱ्या पाण्याच्या बादल्या भिंतीवर कोळशाने खुणा करून मोजा. जेवढ्या खुणा रोज होतील, तेवढीच जागा खणायला काढा.