तापातली आकडी : घड्याळ दोन मिनिटांचं, धास्ती कित्येक वर्षांची

दीड वर्षाचं तापलेलं बाळ अचानक ताठ होतं. डोळे वर जातात, हातपाय झटके देऊ लागतात, ओठ निळसर पडतात. आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबते. पण तेवढ्यात आईला लेकरू हातातून गेल्यासारखं वाटतं. घरात कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतं. आकडी आपोआप थांबलेली असते, चमच्याने मात्र दात तुटू शकतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या दरम्यान शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. पुष्कळदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी आलेली असते. तरीही ‘वेळेवर तापाचं औषध दिलं नाही’ हा ठपका आईवरच येतो, आणि तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. पॅरासिटॅमॉलने बाळाला बरं वाटतं, पण त्याने आकडी टळत नाही.

‘पुढे फिट्सचा आजार जडेल का?’ हा खरा प्रश्न. अमेरिकेत करीन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अशा सुमारे १,७०० मुलांचा सात वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. १९७६ साली निष्कर्ष आला : अपस्मार जडला तो शंभरात साधारण दोघांना. तोवर अनेक मुलांना खबरदारी म्हणून रोज फेनोबार्बिटोन दिलं जाई. १९९० साली कळलं, की दोन वर्षं ते घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी आठ गुणांनी कमी भरतो, आणि आकडीही थांबत नाही. भीतीपोटी दिलेलं औषधच बाधलं होतं.

आजही साध्या आकडीनंतर ईईजी, एमआरआयसाठी धावाधाव होते. बाळ शुद्धीवर येऊन नेहमीसारखं वागत असेल, तर त्यांची गरज नसते. ताप कशाचा, हे मात्र डॉक्टरांनी तपासायलाच हवं. तीनातल्या एका मुलाला आकडी पुन्हा येते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक तापात आईवडील रात्र रात्र जागतात. ही जागरणं केसपेपरवर कुठेच उमटत नाहीत.

लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक आईला एवढं सांगाच : बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, एका दिवसात पुन्हा आली, मान ताठ वाटली किंवा बाळ नीट जागं होत नसेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा.