काटक झुडूप : एका विशेषणाचा अर्थ आणि बागेची निवड

नवशिक्याने आपल्या बागेसाठी काटक व कमी निगेची झुडपे निवडावीत, असा सल्ला उद्यानविषयक लेखनात सर्वत्र आढळतो. सल्ला रास्त आहे. परंतु त्यातील दोन्ही विशेषणांचा अर्थ दिसतो तितका सरळ नाही. ‘पिवळे फूल’ किंवा ‘उंच झाड’ म्हटले म्हणजे वस्तूच्या ठिकाणी असलेला एक गुण सांगितला जातो. ‘काटक झुडूप’ या शब्दप्रयोगाची घडण तशीच असली तरी त्यात एक पद अध्याहृत राहते. कशापुढे काटक? थंडीपुढे, उन्हापुढे, की साचलेल्या पाण्यापुढे? हे अध्याहृत पद भरल्याशिवाय विधान पुरे होत नाही, आणि ते प्रत्येक प्रदेशात निराळे भरावे लागते. एका ठिकाणचे काटक झुडूप दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच वर्षी वाळते, याचे कारण बहुधा या गाळलेल्या पदात असते.

इंग्रजी उद्यानशास्त्रात हे पद पूर्वीच भरून ठेवलेले आहे. तेथे ‘हार्डी’ म्हणजे कडाक्याची थंडी सोसणारे, हा अर्थ इतका रूढ आहे की तो उच्चारण्याचीही गरज राहत नाही. आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ साली लागवडीतील वृक्ष व झुडपे यांविषयीच्या आपल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेचे थंडीनुसार पट्टे पाडून दाखविले. अमेरिकेच्या कृषिखात्याने १९६० मध्ये आपला नकाशा प्रसिद्ध केला. त्याची सुधारलेली आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. वर्षातील नीचतम तपमानाची अनेक वर्षांची सरासरी हा या नकाशाचा आधार असून त्यात १३ पट्टे आहेत. जेथे हिवाळ्यात जमीन गोठते, तेथे झाड जगेल की मरेल हे याच आकड्यावर ठरते, म्हणून तेथे ही मोजणी सार्थ आहे. १९९७ साली अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने उष्णतेचा निराळा नकाशा काढला व त्यात वर्षातील ३० अंश सेल्सिअसहून अधिक तपमानाचे दिवस मोजले. थंडीचा एकच आकडा पुरेसा नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होय.

मराठवाड्यात थंडीच्या या मोजपट्टीचा फारसा उपयोग नाही. छत्रपती संभाजीनगरजवळील बजाजनगरचे उदाहरण घेता येईल. गंगापूर तालुक्यातील वाळूज औद्योगिक क्षेत्राला लागून असलेली ही वसाहत आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच नावावरून वसाहतीचे नाव रूढ झाले. येथे हिवाळ्यात पारा कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. पण जमीन गोठत नाही, आणि येथील परिचित झुडपे या थंडीने सहसा मरत नाहीत. त्यांची कसोटी लागते ती एप्रिल-मे महिन्यांत. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि उन्हाळ्यात तपमान चाळीस अंशांपलीकडे जाते. औद्योगिक क्षेत्राला पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून येते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने उद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता. कारखान्यांचे पाणी जेथे तोडावे लागते, तेथे घरापुढील बागेला पाण्याचा हक्क सर्वांत शेवटी मिळणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण जमिनीची आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेली येथील माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असून तिच्याखाली थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. बांधकामानंतर अंगणात सिमेंटचा व चुन्याचा राडारोडा उरला असेल तर अल्कता आणखी वाढते. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेतकरी उसाच्या बाबतीत यालाच ‘केवडा पडणे’ म्हणतात. अनंत व एक्झोरा ही झुडपे कोकणातल्या आम्ल जमिनीत विनासायास वाढतात, पण येथे त्यांच्यावर हाच केवडा पडतो. ती कोकणात काटक आहेत व बजाजनगरात नाजूक. झुडूप तेच, अध्याहृत पद तेवढे बदलले.

काटकपणाची ही सापेक्षता एका नावाच्या इतिहासातही उमटलेली आहे. निर्गुंडी, निर्गुडी, निगडी अशा रूपांनी मराठीत परिचित असलेले झुडूप कोरड्या नाल्यांच्या काठी आपोआप वाढते. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात त्याचा उल्लेख ‘नेगुंदो’ असा आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याला ‘व्हायटेक्स नेगुंडो’ हे शास्त्रीय नाव दिले. आणि त्याच ग्रंथात उत्तर अमेरिकेतील एका मॅपल वृक्षाला, त्याची संयुक्त पाने निर्गुडीसारखी दिसतात म्हणून, ‘एसर नेगुंडो’ म्हटले. हा मॅपल कॅनडाच्या गवताळ प्रदेशातील हिवाळा सोसतो. अशा रीतीने दख्खनच्या तहानेपुढे टिकणारे झुडूप आणि कॅनडाच्या थंडीपुढे टिकणारा वृक्ष या दोघांनी एकच भारतीय नाव धारण केले. दोन्ही काटक आहेत. परंतु एकाची जागा दुसऱ्याला दिली तर दोघांच्याही काटकपणाला अर्थ उरणार नाही.

बजाजनगरसारख्या ठिकाणी अध्याहृत पद ‘तहान व चुनखडी’ असे भरले, म्हणजे निवडीचे क्षेत्र आपोआप स्पष्ट होते. पहिला मान तरवडाचा. माळरानावर वाढणारे, पिवळ्या फुलांचे हे देशी झुडूप आहे. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जाते आणि फुले नवरात्रात घटावरील माळेत ओवली जातात. निर्गुडी त्याच्या बरोबरीची. पांढऱ्या फुलांचा अडुळसा कुंपणाला उत्तम. त्याच्या ‘जस्टिशिया अधाटोडा’ या शास्त्रीय नावातील दुसरे पद तमिळमधून आले असून, ‘शेळी ज्याला तोंड लावीत नाही ते’ अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. फाटक नसलेल्या अंगणात हा गुण लहान नव्हे. कोरांटी व काटेकोरांटी कमी उंचीच्या कडेसाठी योग्य. शंकासूर मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. बियांपासून सहज येतो आणि वर्षाचा बराच काळ फुलतो. बोगनवेलीला तर पाणी अधिक झाले की पाने वाढतात व फुले कमी होतात. तिच्या बाबतीत पाण्याची टंचाई हाच फुलोऱ्याचा उपाय ठरतो.

आता दुसरे विशेषण, ‘कमी निगेचे’. यातही एक पद गाळलेले आहे. निगा कोणी करावयाची नाही? मालकाने, की शेजाऱ्याने व गावानेही? मालकाला काहीच करावे लागत नाही अशी काही झुडपे इतरांच्या गळ्यात मोठे काम घालतात. लोकभाषेने या झुडपांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. कापलेली फांदी चिखलात पडली तरी रुजणाऱ्या आणि नाल्याच्या नाले व्यापणाऱ्या दक्षिण अमेरिकी झुडपाला ‘बेशरम’ म्हणतात. ते जनावरांना विषारीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आलेल्या लँटानाला पानांच्या उग्र वासावरून ‘घाणेरी’ हे नाव पडले. आज ती देशभरच्या जंगलांत पसरलेली आहे. आवरता न येणाऱ्या परदेशी बाभळीला ‘वेडी बाभूळ’ म्हटले जाते. ही नावे म्हणजे समाजाने अनुभवान्ती दिलेला निवाडा आहे. केवळ ‘निगा नको’ या एका कसोटीवर निवड केली तर पहिला क्रमांक बेशरमाचाच लागेल. म्हणून ‘कमी निगेचे’ याचा अर्थ ‘जगण्यास मदत न मागणारे, आणि लावलेल्या जागेत राहणारे’ असा दुहेरी घ्यावा लागतो.

लोकभाषेतील नावे नेहमीच अशी मार्गदर्शक असतात असे मात्र नाही. बर्लिन, ब्रीडलव्ह व रेव्हन या संशोधकांनी १९७३ मध्ये लोकव्यवहारातील वनस्पतिनामांची सामान्य तत्त्वे मांडली. मूळ नावाला विशेषण जोडून होणारे नाव बहुधा त्या वनस्पतीचा पोटप्रकार दाखविते, हे त्यांपैकी एक. कोरांटी आणि काटेकोरांटी या जोडीला ते लागू पडते. दोन्ही एकाच प्रजातीतील आहेत. परंतु कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या बाबतीत हे तत्त्व फसते. कण्हेर म्हणजे नेरियम. पिवळी कण्हेर, अर्थात बिट्टी, ही मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेली निराळ्या प्रजातीची वनस्पती आहे. पानांच्या साम्यामुळे नवागत झाडाला जुन्या झाडाचे नाव मिळाले. दोन्ही झुडपे अत्यंत काटक आहेत. कण्हेर जनावरे खात नाहीत म्हणून महामार्गांच्या दुभाजकांत ती सर्रास लावतात. परंतु दोन्हींत हृदयाच्या गतीवर घातक परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्यांत बिट्टीचा धोका अधिक, कारण तिला फळे धरतात व त्यांतील टणक बिया मुले खेळावयास घेतात. या बियांनी झालेल्या विषबाधा व मृत्यू यांच्या नोंदी श्रीलंका व दक्षिण भारत येथील वैद्यकीय वाङ्मयात विपुल आहेत. ‘पिवळ्या फुलांची कण्हेर द्या’ असे रोपवाटिकेत सांगणाऱ्याच्या हाती यांपैकी काय पडेल हे सांगता येत नाही, कारण खऱ्या कण्हेरीचीही फिकट पिवळी जात असते. निरनिराळ्या जिल्ह्यांतून कामगार येऊन वसलेल्या वसाहतीत तर एकाच झुडपाला शेजारी शेजारी दोन नावे असू शकतात. म्हणून रोप घेताना शास्त्रीय नाव विचारून घेणे ही पंडिती हौस नसून सुरक्षिततेची बाब आहे. लहान मुलांच्या घरी बिट्टी लावू नये, व कण्हेर लावल्यास तिची छाटणी जाळू नये. तिचा धूरही अपायकारक असतो.

योग्य झुडूप निवडल्यावर उरते ती पहिल्या वर्षाची निगा, कारण ‘कमी निगेचे’ या शब्दाला काळाचीही मर्यादा आहे. मुळे खोल जाईपर्यंत कोणतेच झुडूप काटक नसते. उन्हाळ्यात दीडदोन फूट लांबरुंद व तितकाच खोल खड्डा घेऊन, मुरूम फोडून, राडारोडा वेचून काढावा. खड्ड्यात पाणी भरून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते उभे असेल तर निचरा नाही असे समजून रोप उंचवट्यावर लावावे. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजल्यावर शेणखत मिसळलेल्या मातीत लागवड करावी, म्हणजे पुढील चार महिन्यांचे पाणी पाऊसच देतो. पावसाळ्यानंतर रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात व एप्रिलमध्ये होरपळतात. बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. एवढ्याने पहिला उन्हाळा निभावला, की तरवड, निर्गुडी व अडुळसा यांना दुसऱ्या वर्षी क्वचितच पाणी लागते.

नवशिक्याची पहिली बाग वाळली तर तो बहुधा आपल्या हातालाच दोष देतो आणि पुन्हा खड्डा खणीत नाही. अनेकदा दोष हाताचा नसून अपुऱ्या वाक्याचा असतो. ज्या सल्ल्यात ‘कशापुढे’ हे पद नाही, तो ऐकल्यावर ते पद आपल्या अंगणाकडे पाहून स्वतः भरावे. बजाजनगरात ते मे महिन्यातील कोरड्या जमिनीकडे पाहून भरावयाचे आहे.