अजिंठ्याच्या नकला : सोडून दिलेल्या कामाचा वारसा

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तीनदा नष्ट झाल्या. १८६६ साली लंडनजवळ सिडनहॅमला, १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये आणि १९२३ साली टोकियोत. भिंतीवरचे मूळ रंग तर त्याआधीपासूनच झडत होते. तरीही नकला करण्याचे काम बंद पडले नाही. एकाने ठेवले तिथून दुसऱ्याने उचलले. ते कसे उचलले गेले, हे आजच्या काळातही जाणून घेण्यासारखे आहे.

वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली ही लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. जेम्स फर्ग्युसनने १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि चित्रे पुसली जाण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने हे काम मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिलवर सोपवले. गिल अजिंठा गावीच राहिला आणि जवळजवळ दोन दशके मोठमोठ्या कॅनव्हासांवर चित्रे उतरवत राहिला. पारो या स्थानिक तरुणीशी जोडलेली त्याची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे परिचयाची आहे. त्याच्या कामाचे पुढे काय झाले, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. ते कॅनव्हास सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. डिसेंबर १८६६च्या आगीत त्यांतले मोजकेच वाचले.

दुसरी फेरी मुंबईच्या कलाशाळेने केली. सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्याच्या हंगामात लेण्यांत येऊ लागले. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले एक महत्त्वाचे नाव. हे काम तेरा वर्षांवर पसरले आणि सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेली आणि १८८५च्या आगीत त्यांतली बरीच जळाली. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७मध्ये दोन खंड छापले, म्हणून निदान पुस्तकरूपाने ती चित्रे जगापुढे राहिली. या फेरीची एक किंमत भिंतींनाही मोजावी लागली. चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर व्हार्निश फिरवले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि रंग झाकोळले.

तिसरी फेरी सरकारी हुकुमाने सुरू झाली नाही. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाईंनी १९०६ साली लेणी पाहिली आणि १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे इथे काढले. माणसे एकत्र आणण्यात त्या मुरलेल्या होत्या. कलाकृती राष्ट्रासाठी विकत घेणारा नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड १९०३ साली स्थापन झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. अजिंठ्यालाही त्यांनी माणसे जोडली. कोलकात्याहून अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. इंग्लंडहून डोरोथी लार्चर आल्या. भाषा वेगवेगळ्या, चित्रकलेची शिकवण वेगळी, पण भिंत एकच.

गुहेत उजेड अपुरा, गिलावा ठिकठिकाणी निखळलेला, चित्रे माणसाच्या डोक्यावरून वर चढत गेलेली. अशा जागी एकट्याच्या प्रतिभेचा फारसा उपयोग नसतो. एकाने रेषा पारदर्शक कागदावर उतरवायची, दुसऱ्याने ती मुळाशी ताडून पाहायची, तिसऱ्याने रंग भरायचा, असे काम वाटून घ्यावे लागते. कुठे काय पुसट आहे आणि कुठे अंदाज बांधायचा नाही, यावर सगळ्यांचे एकमत लागते. या नकला इंडिया सोसायटीने १९१५ साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा शीर्षकपृष्ठावर हेरिंगहॅमबाईंसोबत सहायकांचाही उल्लेख आला. त्या वेळी बाई स्वतः मानसिक आजाराने ग्रासलेल्या होत्या. उभारणी पक्की होती, म्हणून त्यांच्यावाचूनही काम पुस्तकापर्यंत पोहोचले.

हीच गोष्ट आज संगणकाच्या पडद्यामागे घडते. छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारे ‘टेसरॅक्ट’ हे सॉफ्टवेअर ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाले. १९९५च्या अचूकतेच्या चाचणीत ते अव्वल तिघांत होते, तरी कंपनीने ते बाजूला ठेवले. दहा वर्षे ते पडून राहिले. २००५ साली त्याची संहिता सर्वांसाठी खुली झाली. पुढच्या वर्षापासून गूगलने पाठबळ दिले, आणि २०१८नंतर तेही थांबले, तेव्हा स्वयंसेवकांनी ते चालते ठेवले. शिरोरेषेने जोडलेली आणि जोडाक्षरांनी भरलेली देवनागरी त्याला सुरुवातीला जड जाई. चौथ्या आवृत्तीपासून ते सुटे अक्षर न पाहता सबंध ओळ एकदम वाचू लागले आणि मराठी पाने बऱ्यापैकी उमटू लागली. जुनी मराठी पुस्तके शोधता येण्याजोगी करायची, तर अशी साधने हाताशी हवीत.

दोन्ही कामांत कामाला दुसऱ्याचा हात लागण्याची वाट मोकळी होती. अशी वाट नसेल, तर लंडनमधल्या एकाच इमारतीत ठेवलेली नक्कल इमारतीबरोबर जाते. जपानी चित्रकार अराई कांपो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९१७-१८मध्ये केलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात होत्या, त्या १९२३च्या भूकंपात गेल्या. पण नंदलालबाबूंनी अजिंठ्याची रेषा शांतिनिकेतनला नेली, विद्यार्थ्यांच्या हातात दिली, आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने त्याच हातांनी सजली. ही रेषा कुठल्याही आगीच्या आवाक्याबाहेर गेली. गुलाम याझदानींनी निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे १९३० ते १९५५ या काळात चार खंड काढले, त्यामागेही आधीच्या फेऱ्यांचा अनुभव होता. 

आपल्याकडे चांगले काम सुरू करणाऱ्यांची उणीव नाही. फाँट, शब्दकोश, टंकलेखनाची साधने, जुन्या अंकांचे संग्रह, अशी किती तरी कामे उत्साहाने सुरू होतात आणि सुरू करणारा थकला की थांबतात. तेव्हा गरज असते ती काम वाटून देणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या, प्रत्येकाचे श्रेय लिहून ठेवणाऱ्या आणि नव्याने येणाऱ्याला बसायला जागा देणाऱ्या माणसाची. हे काम दिसत नाही, त्याला पुरस्कारही क्वचितच मिळतो. पण मराठीतले एखादे अर्धवट साधन पुन्हा चालते करायचे असेल, तर सर्वांत आधी शोध अशाच माणसाचा घ्यायला हवा. तो सापडला की बाकीचे हात येतात, आणि त्याच्यामागे काम पुढे नेणारेही तयार होतात.