समान संधीचा हिशेब

गेल्या वर्षी प्रवेशाची यादी लागली तेव्हा फलकापुढे उभ्या असलेल्या एका मुलाला मी सहज विचारले, "कोणत्या कॅटेगरीतून?" त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. पुढे वसतिगृहात तोच माझ्या खोलीत आला. रात्री जेवणाची वेळ झाली की तो "भूक नाही" म्हणून पुस्तक उघडून बसे. त्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण पैसे आले नव्हते आणि खानावळीचे दोन वेळचे बिल त्याला परवडत नव्हते, हे मला दिवाळीनंतर कळले. प्रवेश त्याला मिळाला होता; ताट मिळाले नव्हते. माझ्या त्या प्रश्नाची तेव्हापासून मला लाज वाटते.

समान संधी म्हणजे राखीव जागा, एवढाच अर्थ आपण धरून चालतो आणि तेवढ्यावरच वाद घालतो. परंतु ज्यांनी आपल्याकडे या कामाची सुरुवात केली त्यांचा विचार याहून पुष्कळ पुढे गेलेला होता. कोल्हापूरचे उदाहरण घेऊ.

1894 साली शाहू महाराजांच्या हाती कारभार आला, तेव्हा दरबारच्या 71 वरिष्ठ जागांपैकी 60 जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते. 26 जुलै 1902 रोजी महाराजांचा जाहीरनामा निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा तो हुकूम होता. हे आपणा सर्वांना पाठ असते. त्याच हुकुमाचे शेवटचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा, असे त्यात बजावलेले आहे. नुसता हुकूम कागदावर राहतो, त्याचा हिशेब मागावा लागतो, हे महाराज जाणून होते.

जागा राखल्या, तरी त्या भरायला शिकलेली मुले हवीत. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला की त्याच्यापुढे पहिला प्रश्न राहायचा आणि जेवायचा. परजातीच्या मुलाला कोण घरात घेणार? म्हणून 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. म्हणजे राखीव जागा, वसतिगृह आणि शाळा हे एकाच विचाराचे तीन भाग होते.

तरीही एक गोष्ट उरलीच. गंगाराम कांबळे हे महाराजांच्याच पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सोबतच्या लोकांनी मारले. नोकरी होती, पण पाणी नव्हते! महाराजांनी त्यांना मदत देऊन चहाचे दुकान घालून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. नेमणूक हुकुमाने होते. शेजारी बसवून घेणे माणसांनाच करावे लागते.

हा धडा कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे नेला. जातवार वसतिगृहांनी मुलांची सोय झाली, पण मुले जातीजातींतच राहिली. भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामही एकत्र करीत. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. 1927 साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

आज कायदे पुष्कळ आहेत. राज्यघटनेने शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागांना आधार दिला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून 2013 साली कायदा झाला आणि दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती बंधनकारक झाली. 2016 च्या कायद्याने अपंगांसाठी सरकारी नोकरीत किमान चार टक्के आणि उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा ठेवल्या. पण जिन्यावरून वर जाता येत नसेल, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातली राखीव जागा काय कामाची? समितीचा फलक भिंतीवर आहे, पण तिच्यात कोण आहे हे मुलींना ठाऊक नसेल, तर तक्रार जाणार कोणाकडे?

"गुणवत्तेचे काय?" असे आमचे मित्र विचारतात. प्रश्न अगदीच गैर नाही. पण शिकवणी लावून, घरच्या टेबलावर अभ्यास करून मिळवलेले गुण आणि अर्धपोटी मिळवलेले गुण एकाच तराजूत टाकताना तराजूच्या दांडीकडेही पाहिले पाहिजे. माझ्या खोलीसोबत्याला वर्षअखेरीस माझ्यापेक्षा फक्त चार गुण कमी मिळाले. ते चार गुण कोणाचे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

म्हणून महाविद्यालयापुढे माझी एक साधी सूचना आहे. शिष्यवृत्ती किती जणांची मंजूर झाली आणि किती जणांच्या हाती पडली, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी, नावे न देता, फलकावर लावावा. आणि ती हाती पडेपर्यंत त्या मुलांचे खानावळीचे बिल विद्यार्थी निधीतून भागवावे. 1902 साली एका संस्थानाला जमले, ते एका महाविद्यालयाला न जमण्याचे कारण नाही. आम्हा विद्यार्थ्यांकडे मात्र याहून सोपे काम आहे. फलकापुढे उभ्या असलेल्या नव्या मुलाला "कोणत्या कॅटेगरीतून?" असे न विचारता "जेवलास का?" एवढेच विचारावे.