परक्या देशात इंग्रजी शिकविताना

परक्या देशात जाऊन इंग्रजी शिकविण्याचे ज्याने ठरविले आहे, त्याच्या मनात प्रथम उद्भवणारे प्रश्न बहुधा व्यावहारिक असतात. वेतन किती मिळेल, बिऱ्हाड कोठे करावे, तेथील हवा मानवेल की नाही, हे तो आधी विचारतो. आणि पूर्वी तेथे राहून आलेले शिक्षकही त्याची उत्तरे उत्साहाने देतात. परंतु वर्गात पाऊल ठेवल्यानंतर ही माहिती फारशी कामास येत नाही. तेथे कळावे लागते ते हे की, समोर बसलेल्या विद्यार्थ्याला आधीपासूनच काय येते. अनुभवी शिक्षकाकडून खरोखर शिकण्यासारखे असते ते एवढेच, आणि नेमके तेच तो क्वचित सांगतो. ज्यांनी ते सांगितले, इतकेच नव्हे तर छापूनही ठेवले, अशा शिक्षकांचा शोध घेऊ गेल्यास वाट काशीला येऊन पोहोचते.

काशीचा राजा घाट नारद घाटाला लागून आहे. (शहराच्या उत्तर टोकाला रेल्वेच्या पुलाजवळ असलेला राजघाट तो हा नव्हे, नामसादृश्यामुळे यात्रेकरूंची गल्लत होते.) हा घाट पेशव्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याला दगडी स्वरूप आले ते अमृतराव पेशव्यांमुळे. राजकारणातून दूर झालेल्या अमृतरावांचे उत्तरायुष्य याच प्रदेशात गेले आणि १८२४ मध्ये ते वारले. काशीत मराठी मंडळी मात्र त्यांच्या कितीतरी पूर्वीपासून होती. व्याकरण, न्याय आणि ज्योतिष ही शास्त्रे पढविणारी महाराष्ट्रीय पंडितांची घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली होती. त्यांच्या विद्यार्थ्यांना पाणिनीची सूत्रे मुखोद्गत असत. इंग्रजी वर्णमाला मात्र त्यांनी पाहिलेली नसे. अशा माणसाला नवी भाषा शिकवावयाची म्हणजे त्याला लहान मूल समजावयाचे काय?

जेम्स रॉबर्ट बॅलंटाइन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हे स्कॉटिश गृहस्थ एडिंबरोच्या एका सैनिकी विद्यालयात पौर्वात्य भाषा शिकवीत असत आणि १८३९ मध्येच त्यांनी मराठी भाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले होते. १८४५ मध्ये त्यांची नेमणूक काशीच्या संस्कृत महाविद्यालयावर झाली. जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजेच आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे मूळ रूप. सरकारी व्यवस्थेत येथे दोन वर्ग शेजारी शेजारी नांदत होते. एकीकडे संस्कृत पढणारे पंडित, दुसरीकडे इंग्रजी पढणारे तरुण. आणि या दोघांमध्ये विचारांची देवघेव जवळजवळ नव्हती.

बॅलंटाइन यांनी योजलेला उपाय ऐकावयास साधा वाटतो. जे पुस्तक विद्यार्थ्याला पाठ आहे, तेच त्याच्या हाती इंग्रजीतून द्यावयाचे. ‘लघुकौमुदी’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८४९ मध्ये निघाले. पंडितांमध्ये आणि वरच्या वर्गांतील इंग्रजी विद्यार्थ्यांमध्ये विचारविनिमय सुलभ व्हावा, हा त्यामागील हेतू त्यांनी स्वतःच नमूद केला आहे. ज्याला आशय ठाऊक आहे त्याला केवळ शब्दांशी झुंजावे लागते. आशय आणि शब्द दोन्ही एकदमच अपरिचित असले तर बुद्धिमान मनुष्यही गोंधळतो.

या पद्धतीचे मर्म एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘रामाने चाकूने फळ कापले’ या मराठी वाक्यात ‘ने’ हा प्रत्यय दोनदा आला आहे. वाक्याचा कर्मणी प्रयोग इंग्रजीत केला, तर रामासाठी ‘बाय’ आणि चाकूसाठी ‘विथ’ अशी दोन भिन्न अव्यये योजावी लागतात. हे का, असे नवशिका विचारतो, आणि ‘इंग्रजीत तसेच म्हणतात’ यापलीकडे अननुभवी शिक्षकाजवळ उत्तर नसते. व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र कर्त्याची तृतीया वेगळी आणि करणाची तृतीया वेगळी, हे लहानपणापासून ठाऊक असते. पहिल्या ठिकाणी ‘बाय’, दुसऱ्या ठिकाणी ‘विथ’, एवढे सांगितले की त्याचे काम झाले. उलट नामापूर्वी येणाऱ्या ‘ए’ आणि ‘दि’ या उपपदांना त्याच्या भाषेत जागाच नाही. तेथे व्याकरणाचे पांडित्य कामी येत नाही आणि शिक्षकाला महिनोन्‌महिने कष्टावे लागते. कोठे विद्यार्थ्याच्या पूर्वज्ञानावर भार टाकावा आणि कोठे टाकू नये, हे समजण्यासाठी शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा यावी लागते. केवळ इंग्रजी ही आपली मातृभाषा आहे, एवढ्या भांडवलावर परदेशी निघालेल्यांची पंचाईत होते ती येथेच.

ही दृष्टी एकट्या बॅलंटाइन यांची नव्हती. लान्सलॉट विल्किन्सन या सिहोरच्या इंग्रज अधिकाऱ्याने, जुन्या ज्योतिषसिद्धांतांच्या आधारेच नवे खगोलशास्त्र शिकविता येते, हा विचार १८३४ मध्ये लेखरूपाने मांडला होता. नागपुरास गणित शिकलेले बापूदेव शास्त्री हे मराठी तरुण त्यांच्याच पाठशाळेत तयार झाले आणि १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत महाविद्यालयात आले. म्हणजे बॅलंटाइन यांच्याही तीन वर्षे आधी.

पुढे बॅलंटाइन यांनी भाषेपुरते न थांबता तत्त्वज्ञानाकडे मोर्चा वळविला. बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गॅनम’ या ग्रंथाचे विठ्ठल शास्त्री यांनी केलेले संस्कृत विवरण १८५२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. परंतु येथे त्यांना तोलामोलाचा प्रतिपक्षी भेटला. १८५३ मध्ये कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाची पाहणी करून त्यांनी आपल्या सूचना सादर केल्या. तेथील प्राचार्य होते ईश्वरचंद्र विद्यासागर. भारतीय आणि पाश्चात्त्य विद्या वेगवेगळ्या शिकविल्या तर विद्यार्थी सत्य दोन प्रकारचे मानू लागतील, ही बॅलंटाइन यांची चिंता. वेदान्ताशी जुळणारे बर्कलेचे तत्त्वज्ञान अभ्यासक्रमात असावे आणि मिलच्या तर्कशास्त्राचा आपण केलेला सारांश वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यासागरांनी दोन्ही सूचना नाकारल्या. बर्कले वाचून जुन्या मतांवरील श्रद्धा केवळ दृढ होईल, आणि मिलचा मूळ ग्रंथ वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्यांना सारांश कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

या वादात विद्यासागरांची बाजू दुबळी म्हणता येणार नाही. ओळखीच्या वाटेने नव्या ठिकाणी पोहोचता येते हे खरे. पण शिक्षक ओळखीच्या वाटेवरच रेंगाळत राहिला, तर विद्यार्थ्याला नवे असे काही भेटतच नाही. पहिल्या वर्षी जो आधार, तो पाचव्या वर्षी अडसर होऊ शकतो. तथापि कलकत्त्याचे विद्यार्थी इंग्रजी ग्रंथ मुळातून वाचण्याइतके पुढे गेले होते, काशीचे पंडित त्या मजलेपर्यंत आलेले नव्हते, ही गोष्टही विसरता कामा नये. दोघेही अनुभवी होते. मात्र प्रत्येकाचा अनुभव आपापल्या वर्गापुरता होता. दुसऱ्याचे अनुभव वाचून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम त्या वर्गात कोण बसले होते, याची चौकशी करावी.

१८६१ मध्ये बॅलंटाइन लंडनला परतले आणि तीन वर्षांनी निवर्तले. त्यांच्या जागी आले राल्फ ग्रिफिथ. हे १८५३ पासून तेथेच इंग्रजी साहित्य शिकवीत होते. आठ वर्षे त्यांनी जुन्या प्राचार्यांचे काम जवळून पाहिले होते. त्याच १८६१ सालात ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून बाहेर पडले. भाषांतरकार होते बापूदेव शास्त्री.