नांदूर-शिंगोटे : दोन बंडखोर घराण्यांची गाठ

नाशिक-पुणे महामार्गावर सिन्नर सोडून संगमनेरच्या दिशेने निघाले की दोडीनंतर नांदूर-शिंगोटे लागते. तळेगाव दिघे, लोणीकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो. भोवतालच्या टेकड्या फारशा उंच नाहीत, पण खालचा रस्ता त्यांच्या माऱ्यात येतो. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला, टपालाला आणि खजिन्याला याच वाटेने जावे लागे. भागोजी नाईकांनी 1857 साली ठाण मांडले ते या टेकड्यांवर, गावापासून साधारण मैलभर अंतरावर. स्थानिक लोक ती जागा चास खिंडीची म्हणून दाखवतात.

भागोजी याच गावचे. भिल्ल समाजातील वजनदार माणूस, आणि पूर्वी नगरच्या पोलीस दलातले अंमलदार. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 मध्ये झाला. त्याआधी हा मुलूख अहमदनगर जिल्ह्यात मोडे, आणि नामपूरसह सगळे बागलाण खानदेशात. सह्याद्रीच्या आणि सातमाळ्याच्या डोंगराळ पट्ट्यात घाट राखणे, चोरांचा माग काढणे, गावांचे रक्षण करणे ही कामे भिल्ल आणि महादेव कोळी नाईकांकडे वंशपरंपरेने होती. बापाची नाईकी मुलाकडे जाई आणि तिच्यासोबत गावांकडून मिळणारे हक्कही. त्यामुळे सरकारने एखाद्याचे वेतन वा हक्क तोडले की भाऊ, पुतणे, मुले अशा सगळ्या घराच्या पोटावर पाय येई. या भागातील बंडांचा हिशेब म्हणूनच एकेका पुढाऱ्याच्या नावावर मांडता येत नाही, तो घराण्यांच्या नावावर मांडावा लागतो.

दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून 1855 मध्ये भागोजींना कैद झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागण्यात आला. ती मुदत संपते न संपते तोच सरसकट हत्यारे काढून घेण्याचा हुकूम आला, आणि भागोजींनी गाव सोडले. सुमारे पन्नास माणसे त्यांना येऊन मिळाली. नगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री फौजफाट्यासह गावात आले. सिन्नर आणि अकोल्याच्या मामलेदारांनी आधी निरोप पाठवून पाहिला. भागोजींचे उत्तर आले ते असे: दोन वर्षांचे थकलेले वेतन द्या आणि पुढच्या चरितार्थाची सोय करा, तरच खाली येतो. सत्तावन्नच्या धामधुमीत इतकी घरगुती, इतकी रोखठोक मागणी क्वचितच नोंदली गेली असेल. हेन्रींनी ती धुडकावून चढाईचा हुकूम दिला. पहिल्याच गोळीत त्यांच्या शेजारचा माणूस पडला, मग त्यांच्या दंडाला जखम झाली, आणि ओढ्यातून टेकडी चढताना छातीत गोळी लागून ते कोसळले. तारीख होती 4 ऑक्टोबर 1857. या बातमीने भिल्लांमध्ये सर्वत्र उठाव पसरला.

पुढची दोन वर्षे भागोजींनी डोंगरात काढली. मुलगा यशवंत त्यांच्याबरोबर होता. 5 जुलै 1859 रोजी संगमनेरच्या आग्नेयेला अंभोरे दऱ्याजवळ कॅप्टन नटॉलच्या तुकडीने दौड करून त्यांना गाठले. दहा जण ठार झाले, त्यांत यशवंत होता. साथीदार हरजी नाईक पकडले गेले. हाच घाव वर्षभर आधी खानदेशातील खाज्या नाईकांनाही बसला होता. 11 एप्रिल 1858 च्या अंबापाणीच्या लढाईत त्यांचा मुलगा पोलादसिंग पडला. बंडखोराचे नाव इतिहासात राहते, पोवाड्यात जाते. त्याच्या मागे उभा राहून मेलेल्या मुलाला मात्र एखादी ओळ मिळते.

यशवंत ज्या तुकडीच्या हल्ल्यात पडला तिची घडण या कहाणीतला सर्वांत बोचरा भाग आहे. भिल्लांना आवरण्यासाठी सरकारने डिसेंबर 1857 पर्यंत ‘कोळी कोअर’ नावाची पलटण उभी केली. जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगराळ भागातून महादेव कोळी तरुण भरती झाले. प्रमुखपद जावजी नाईक बांबळे यांना मिळाले. अधिकाऱ्यांमध्ये प्रसिद्ध बंडखोर राघोजी भांगरे यांच्या भावाची निवड झाली. गॅझेटिअर त्याची ओळख ‘राघोजीचा भाऊ’ अशीच करून देते.

भांगरे घराणे अकोले तालुक्यातील देवगावचे. वडील रामजी यांनी कंपनी सरकारविरुद्ध हत्यार उचलले होते. मुलगा राघोजी यांनी 1844 पासून सावकार आणि सरकार दोघांनाही हैराण केले. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांच्या आईचा छळ झाल्याची आठवण त्या भागात आजही सांगितली जाते. 2 जानेवारी 1848 रोजी पंढरपुरात राघोजी पकडले गेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नव्हती, तोच त्यांचा भाऊ त्याच सरकारच्या पलटणीत दाखल झाला.

याला फितुरी म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या घराची नाईकी गेली, कर्ता फासावर गेला आणि ज्याच्यावर पोलिसांची नजर कायमची राहिली, त्या घराला पगाराची नोकरी आणि गेलेला मान एकाच वेळी देऊ केला गेला. सरकारचा डावही उघड होता. बंडखोराचे नातलग चाकरीत घेतले की पुढचे बंड घरातच अडते.

या पलटणीचे वर्णन मोठे चित्रमय आहे. गडद हिरवे पागोटे, हिरवा अंगरखा, रक्तवर्णी कमरबंद आणि पायांत वहाणा. तंबू नाहीत, सामानाचे बैल नाहीत. भांडीकुंडीसुद्धा आपसांत वाटून पाठीवर घ्यायची. डोंगरवाटांनी दिवसाला तीस-चाळीस मैल चालायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी बंदूक पुसायची. हे सगळे कसब त्यांच्या बापजाद्यांनी घाट राखताना कमावलेले होते.

भागोजींचा शेवट त्यांच्या गावाच्या तालुक्यातच झाला. ऑक्टोबर 1859 मध्ये त्यांनी कोपरगावकडील कोऱ्हाळे लुटले. त्यानंतरच्या पाठलागात 11 नोव्हेंबरला पोलीस अधिकारी फ्रँक सूटर यांनी त्यांना सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे गाठले. भागोजी आणि त्यांचे बहुतेक साथीदार लढता लढता पडले. मुलाच्या मृत्यूला तेव्हा चार महिने झाले होते. कोळी पलटणीची गरजही मग सरली. मार्च 1861 मध्ये ती मोडण्यात आली. थोडे जण पोलिसांत गेले, बाकीचे आपल्या शेतीकडे आणि मोलमजुरीकडे परतले.

नामपूर-सटाण्याकडून येणाऱ्यांनी नाशिक, सिन्नरमार्गे नांदूर-शिंगोटे गाठावे. टेकडीवर चढून खालचा महामार्ग पाहिला की भागोजींनी हीच जागा का निवडली ते कळते. तिथून सिन्नर तालुक्यातीलच मिठसागरेला जाता येते; सवड असल्यास दुसऱ्या दिवशी संगमनेर-अकोलेमार्गे देवगावही पाहावे. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी भागोजी आणि राघोजी यांच्याबरोबर यशवंतचेही नाव त्यांना जरूर सांगावे.